बॅरन बेट त्सुनामीच्या आधीच जागं झालं होतं

काही जण म्हणतात की अंदमानचा बॅरन बेटावरचा ज्वालामुखी त्सुनामी आणणाऱ्या 2004 च्या भूकंपाने जागा झाला. हे मला पटत नाही. तो त्याआधीच, 1991 मध्ये, दीडशेहून अधिक वर्षांच्या शांततेनंतर उसळला होता आणि त्याचा लाव्हा पार समुद्रापर्यंत पोचला होता. पुन्हा 1994-95 मध्येही उद्रेक झाला. 2005 चा उद्रेक भूकंपानंतर काही महिन्यांतच झाला, त्यामुळे दोन्हींची सांगड घातली जाते. भूकंपाचा काही परिणाम झाला असेलही, पण त्याने झोपलेल्याला उठवलं असं नाही म्हणता येत.

2017 च्या उद्रेकाबद्दलही सांगतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ त्या जानेवारीत 'सिंधू संकल्प' जहाजावरून बेटाजवळ समुद्रतळाचे नमुने घेत होते, तेवढ्यात 23 तारखेला डोंगराने राख ओकायला सुरुवात केली. एकेक झटका पाच-दहा मिनिटांचा. दिवसा नुसते राखेचे ढग दिसत होते. सूर्य मावळल्यावर मात्र विवरातून उडणारे लाल कारंजे आणि उतारावरून वाहणारा लाव्हा स्पष्ट दिसू लागला. मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता! आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही असाच कधीकाळी वाहता होता, आणि पोर्ट ब्लेअरपासून जेमतेम 140 किलोमीटरवर ते आजही घडतंय.