तांदळातल्या सोंड्यांनी आपला जुना सहजीवी जिवाणू का बदलला?

शाहूपुरीकर: कोल्हापुरात बी.एस्सी.च्या वर्गाला मी प्राणिशास्त्र शिकवते. आजऱ्याच्या घनसाळ तांदळातले सोंडे दाखवून सहजीवन समजावून देण्याचा विचार आहे. या किड्याच्या पेशींत राहणारा सोडॅलिस पिएरँटोनियस हा जिवाणू सुमारे २८,००० वर्षांपूर्वी आला आणि त्याने दहा कोटी वर्षांहून जुन्या नार्डोनेला या सहजीवी जिवाणूची जागा घेतली, असे वाचले. इतका जुना सोबती बदलला का गेला असावा?

कीटक-अभ्यासक: ताई, याचे कारण त्या जुनेपणातच शोधावे लागते. नार्डोनेला मादीच्या अंड्यातूनच पुढच्या पिढीत जातो, तोही थोड्या संख्येने. बाहेरच्या जिवाणूंशी जनुकांची देवाणघेवाण होत नसल्यामुळे एकदा बिघडलेले जनुक बिघडलेलेच राहते आणि कालांतराने गळून पडते. नारळाच्या लाल सोंड्या भुंग्यात तो आजही आहे, पण त्याच्या जनुकसंचात जेमतेम दोन लाख बेस-जोड्या (डीएनएच्या साखळीतल्या कड्या) उरल्या आहेत आणि त्याचे काम टायरोसिन हे अमिनो आम्ल बनवण्यापुरते आक्रसले आहे. त्यातली शेवटची पायरीही भुंग्याचीच विकरे पूर्ण करतात. टायरोसिनशिवाय कवच कठीण आणि काळे होत नाही, म्हणून एवढे एक काम टिकले. सोडॅलिसजवळ मात्र सुमारे पंचेचाळीस लाख बेस-जोड्या आहेत आणि तो अनेक अमिनो आम्ले व जीवनसत्त्वे पुरवतो. तांदळासारख्या निकृष्ट आहारावर वाढणाऱ्या किड्याला असा नवा जिवाणू अधिक उपयोगी पडला असावा, असे मला वाटते. त्याचीही पुष्कळ जनुके आताच निकामी झाली आहेत, म्हणजे तोही त्याच वाटेवर आहे.

गडहिंग्लजकर: वरील विवेचनाला एक जोड देतो, कारण सहजीवन म्हणजे केवळ सलोखा असा विद्यार्थ्यांचा समज होऊ नये. कोलिओप्टेरिसिन-ए या प्रथिनाने सोंडा जिवाणूंना ठरावीक पेशींतच कोंडून ठेवतो. प्रौढ झाल्यावर पहिल्या काही दिवसांत त्यांची संख्या झपाट्याने वाढते, पण कवच तयार झाले की आतड्यालगतचे जिवाणू किडा स्वतःच पचवून संपवतो. मादीच्या अंडाशयातले तेवढे राखले जातात.

शाहूपुरीकर: दोघांचेही मनापासून आभार. जिवाणूविरहित सोंडे वर्गात दाखवता येतील का?

कीटक-अभ्यासक: येतील. ३५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० टक्के आर्द्रतेत महिनाभर ठेवून असे किडे मिळवण्याची पद्धत जुनी आहे. त्यांची पुढची पिढी सावकाश वाढते, फिकट राहते आणि उडू शकत नाही. मात्र दाण्यातून नुकताच बाहेर पडलेला निरोगी सोंडाही फिकटच असतो, त्यामुळे तुलना समवयस्क प्रौढांचीच करावी.