मदत हवी आहे : किहांसीच्या भेकाची सद्यःस्थिती

टांझानियातील उडझुंग्वा पर्वतराजीत, किहांसी धबधब्याच्या तुषारांनी भिजलेल्या गवतात राहणाऱ्या आणि अंडी न घालता थेट पिल्ले देणाऱ्या, जेमतेम तीन सेंटिमीटरच्या पिवळ्या भेकावर (बेडकाच्या एका प्रकारावर) मी शाळेच्या भित्तिपत्रकासाठी लेख लिहीत आहे. जलविद्युत प्रकल्पाने बहुतेक पाणी वळवल्यावर तुषार आटले, पुढे बुरशीजन्य रोगाचाही प्रादुर्भाव झाला आणि २००९ मध्ये ही जाती निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. मात्र आधीच अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत नेलेल्या भेकांची तेथे वीण वाढवून २०१२ पासून त्यांना पुन्हा त्या घळीत सोडण्यात आले, ही गोष्ट मुलांपर्यंत पोहोचलीच पाहिजे असे मला वाटते. कृत्रिम फवाऱ्यांवर राखलेल्या त्या पाणथळीत आता त्यांची वीण आपोआप टिकते आहे का? टांझानियात राहणाऱ्या किंवा उभयचरांचा अभ्यास करणाऱ्या सदस्यांनी खात्रीशीर माहिती कृपया कळवावी.