'थर्मल ऑक्सिडेशन'ला 'भस्मीकरण' म्हणावे का?

रंगाच्या कारखान्यातील सुरक्षा-सूचनांचे मराठी भाषांतर तपासत आहे. रंग सुकवण्याच्या भट्टीतून निघणारी टोल्युइनसारख्या द्रावकांची वाफ चिमणीतून सोडण्यापूर्वी ज्या यंत्रात जाळली जाते, त्याच्या क्रियेसाठी आधीच्या भाषांतरकाराने 'भस्मीकरण' हा शब्द योजला आहे. तो ठेवावा का?

— ठेवू नये. भस्मीकरणात शेवटी भस्म उरायला हवे. रुग्णालयातील कचरा जाळल्यावर राख उरते, म्हणून तेथे तो शब्द शोभतो. टोल्युइन पूर्णपणे जळले, तर त्याच्या एका रेणूपासून कार्बन डायऑक्साइडचे ७ आणि पाण्याचे ४ रेणू तयार होतात आणि चिमूटभरही राख उरत नाही. 'ऑक्सिडीकरण' शाळेपासून ओळखीचे आहे आणि 'औष्णिक' वीजकेंद्रांमुळे रुळलेले आहे, तेव्हा 'औष्णिक ऑक्सिडीकरण' लिहावे.

— मग साधे 'ज्वलन' काय वाईट?

— ज्वलन म्हटले की ज्योत डोळ्यांपुढे येते. थेट ज्योतीच्या यंत्रात तापमान साधारण ७५० अंश सेल्सिअसच्या वर ठेवतात, तेथे हा शब्द चालेल. पण प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक वापरला, तर तीच क्रिया ३५०-४०० अंशांच्या आसपास ज्योतीवाचून होते. दोन्हींना सामावणारा शब्द ऑक्सिडीकरणच.

— कारखान्यात मात्र या यंत्राच्या एका प्रकाराला, 'रिजनरेटिव्ह थर्मल ऑक्सिडायझर'ला, सगळे 'आरटीओ' म्हणतात, त्यामुळे 'आरटीओ बंद आहे' ऐकून नव्या माणसाला वाहन परवान्याचे कार्यालय आठवते! त्यातील 'आर'साठी मी 'पुनरुत्पादक' छापलेले पाहिले आहे, ते तर हास्यास्पदच आहे. बाहेर पडणारी तप्त हवा सिरॅमिकच्या थरात आपली उष्णता ठेवून जाते, काही मिनिटांनी झडपा फिरतात आणि आत येणारी थंड हवा तीच उष्णता उचलते. अशी ९५ टक्क्यांपर्यंत उष्णता परत मिळते. 'उष्णता-परतीचे' म्हटले की कामगाराला लगेच उमगते.

— 'सुरक्षित विल्हेवाट' हा शब्दप्रयोगही जपून करावा. द्रावकात क्लोरीन असेल, तर हायड्रोजन क्लोराइड तयार होतो आणि जळून निघालेला वायू पाण्याने किंवा अल्कलीने धुवावा लागतो. शिवाय वाफेचे प्रमाण सहसा किमान स्फोटमर्यादेच्या (हवेतील वाफेच्या ज्या प्रमाणाखाली मिश्रण पेटत नाही, त्याच्या) २५ टक्क्यांखाली ठेवतात. येथे 'किमान' शब्द गाळून नुसते 'स्फोटमर्यादेच्या' असे लिहिल्यास, वाचणारा वरची मर्यादा धरून बसण्याचा धोका आहे.