मदत हवी आहे: पायऱ्या न चढता रानफुलं बघायला नाशिकजवळ कुठे जावं?

गणपती गेले की आईला रानफुलं दाखवायला न्यायचा बेत आहे. तिचं वय सत्तरीचं. सपाटीवर तासभर आरामात चालते, पण पायऱ्या दिसल्या की गुडघे कुरकुरायला लागतात. म्हणजे ब्रह्मगिरी, हरिहर बाद.

खरं तर अंजनेरीच्या पठाराला तोड नाही. कातळावर पाणी झिरपतं तिथे गेंद आणि सीतेची आसवं दाटीने फुलतात. पण खिंडीतल्या पायऱ्या चुकत नाहीत. म्हणून विचारतो, अंजनेरी गावातून पायऱ्यांपर्यंत जो गाडीरस्ता जातो, त्यावर पावसाळ्यात साधी गाडी चढते का? त्या रस्त्याच्या कडेलाच तेरडा, सोनकी, कवला एवढं दिसलं तरी आमचं काम झालं. (कवल्याच्या पिवळ्या पाकळ्यांवरचे लाल ठिपके बघून मी हरखतो, आई मात्र भाजी किती निघेल ते बघते.)

दुसरा पर्याय त्र्यंबक-घोटी रस्ता. पहिन्याला शनिवार-रविवारी धबधब्याखाली जी जत्रा भरते ती नको, आम्ही मधल्या वारी जाऊ. त्या रस्त्यावर गाडी बाजूला लावून निवांत उतरता येईल अशी माळाची जागा कुणाला माहीत आहे का?

आणि कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा यंदा आपल्याकडच्या कुठल्या डोंगरउतारावर कळ्या धरल्यात का, तेही सांगा.

एक विनंती. अंजनेरीच्या नावाचं जे कंदीलपुष्प आहे, ते नेमकं कुठे उगवतं हे इथे कुणी लिहू नका. फोटोसाठी आजूबाजूचं गवत तुडवणारे कमी नाहीत.

प्रतिसाद

घोटी रस्त्यालाच जा, आईंना तेच सोयीचं. सोबत एक बुटकं स्टूल घ्या. सीतेची आसवं उभ्याने नुसता जांभळा पट्टा दिसतात, फूल बघायचं तर खाली बसावं लागतं. ओल्या कातळावर शेवाळ असतं, तिथे आईंचा हात धरा. बरोबर लहान मूल असेल तर कुंपणावरची लाल-पिवळी कळलावी तोडू देऊ नका, ती विषारी आहे. आणि अंजनेरीला गेलातच तर आधी गावात रस्त्याची चौकशी करा, मगच गाडी वर घाला.