कॅरिबियनमधलं ऑल-इन्क्लूझिव्ह रिसॉर्ट : तुमचे अनुभव लिहा

थंडी पडली की अमेरिका-कॅनडातल्या आपल्या मंडळींच्या गप्पांत पुंता काना, कॅनकून, माँटेगो बे ही नावं यायला लागतात. एकदाच पैसे भरायचे, मग राहणं, खाणं-पिणं, समुद्र, मुलांचे खेळ सगळं त्यातच. आई-बाबा भारतातून आलेले असले की सगळ्यांना एकत्र घेऊन जायला ही सोय मोठी वाटते. पण रिसॉर्टचे फोटो पाहून आपले प्रश्न सुटत नाहीत. शाकाहारी माणसानं तिथं खायचं काय? गुडघे दुखणाऱ्या आजीला खोलीपासून समुद्रापर्यंत किती चालावं लागतं? वेगळे पैसे कशाकशाचे पडतात? कुठल्या महिन्यात जाऊ नये?

म्हणून हा धागा. बेट, महिना आणि सोबत कोण होतं एवढं नक्की लिहा. हॉटेलचं नाव नको, किनारा सांगितला तरी पुरे. सुरुवात माझ्यापासून.

न्यू जर्सीहून : पुंता काना, डॉमिनिकन रिपब्लिक, जानेवारी, सासू-सासरे आणि मुलं

विमानतळावर उतरल्याउतरल्या सासरे खूश झाले, कारण इमारतीचं छप्पर झावळ्यांनी शाकारलेलं. देशात शिरण्याआधी ई-तिकीट नावाचा फॉर्म भरावा लागतो. तो सरकारी साइटवर फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट दिसल्या तर बंद करा.

आमचं रिसॉर्ट बावारोच्या किनाऱ्यावर होतं. समोर थोड्या अंतरावर प्रवाळाची रांग असल्यामुळे लाटा मोडून येतात आणि पाणी शांत असतं. मुलांना हे फार मानवलं. ही रिसॉर्टं भयंकर पसरलेली असतात, त्यामुळे मी महिनाभर आधी ईमेल करून तळमजल्याची, जेवणाच्या हॉलजवळची खोली मागून घेतली होती. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर एवढं एक काम कराच.

आता जेवण. सासूबाई अंडंही खात नाहीत. इथलं रोजचं जेवण म्हणजे भात, घेवड्यासारखे दाणे घातलेली दाट आमटी आणि मांस. आमटी पाहून सासूबाईंचा चेहरा उजळला. वाढणारा मुलगा "व्हेजिटेरियन, व्हेजिटेरियन" म्हणत होता, पण मला खात्री वाटेना. मी आतल्या आचाऱ्यांना बोलवायची विनंती केली. साठीच्या आसपासच्या एक बाई बाहेर आल्या, झाकण उघडून त्यांनी डाव तळापर्यंत फिरवला आणि हॅमचा तुकडा वर काढून दाखवला. मग स्वतःच म्हणाल्या, उद्यापासून तुमच्यासाठी वेगळी ठेवते. दुसऱ्या दिवशी लसूण, कांदा आणि ओरेगानो घातलेली आमटी छोट्या पातेल्यात बाजूला तयार होती, आणि आम्ही निघेपर्यंत त्यात खंड पडला नाही. सकाळी मांगू असायचं : कच्ची केळी उकडून, कुस्करून, वर व्हिनेगरमधला लाल कांदा. सासूबाईंनी त्याला घरच्या लिंबाच्या लोणच्याची जोड दिली आणि तोच त्यांचा नाश्ता ठरला.

वेगळे पैसे लागले ते स्पा, इंजिनवाले पाण्यातले खेळ, बाहेरच्या सहली आणि फोटोंचे. कयाक आणि स्नॉर्केल त्यातच होतं. संध्याकाळच्या खास रेस्टॉरंटमध्ये पुरुषांना लांब पँट लागते, सासऱ्यांसाठी एक जोड न्या.

टोरंटोहून : रिव्हिएरा माया, मेक्सिको, मे, आई आणि आम्ही दोघं

मी महिन्याबद्दलच लिहिते, कारण आमची सुट्टी त्यावरच अवलंबून होती आणि आधी कुणी सांगितलं नव्हतं. सर्गॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ असतं. अटलांटिकमध्ये त्याचे प्रचंड पट्टे तयार होतात आणि वारा-प्रवाहांबरोबर कॅरिबियनकडे येतात. २०११पासून हे प्रमाण फार वाढलं आहे. साधारण एप्रिल ते ऑगस्ट जोर असतो, आणि पूर्वेला तोंड असलेल्या किनाऱ्यांना त्याचा सगळ्यात जास्त फटका बसतो : तुलुम, प्लाया देल कार्मेन, पुंता कानाचाही काही भाग.

रोज पहाटे ट्रॅक्टर येऊन ते गोळा करत होते, दुपारपर्यंत परत गुडघाभर थर. ते कुजलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्यांचा वास. आमची खोली अगदी किनाऱ्यालगत होती. आईच्या पायातली जोडवी काळी पडली, तेव्हा तिला वाटलं पाण्यानं झालं असेल. पण त्या वायूमुळे चांदी काळी पडते. दम्याच्या माणसाला मी त्या दिवसांत तिथं नेणार नाही.

रिसॉर्टच्या लोकांचा दोष नाही, ते बिचारे राबत होते. पण बुकिंग घेताना एक शब्दही सांगितला गेला नाही याचा राग मात्र आहे. युनिव्हर्सिटी ऑफ साउथ फ्लोरिडा उपग्रहाच्या चित्रांवरून दर महिन्याला सर्गॅसमचा अंदाज प्रसिद्ध करते, तो पाहा. त्या हंगामात जायचंच असेल तर पश्चिमेकडे तोंड असलेला किनारा निवडा, जमैकातलं नेग्रिल किंवा मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाची पश्चिम बाजू. इस्ला मुहेरेसचा उत्तर किनाराही आम्हाला बोटीनं गेल्यावर स्वच्छ मिळाला, आणि आईनं तिथंच पहिल्यांदा पाण्यात पाय घातले.

अटलांटाहून : माँटेगो बे, जमैका, जून, बायको आणि मुलगी

मी मूळचा मालवणकडचा. रिसॉर्ट म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यावर कमी लिहितो. एवढंच, की जोडप्यांसाठीच्या ऑल-इन्क्लूझिव्ह हॉटेलांची पद्धत जमैकातच रुजली. सँडल्स या हॉटेल-साखळीचं पहिलं हॉटेल १९८१ साली याच माँटेगो बेमध्ये सुरू झालं. त्यामुळे मुलं असतील तर 'फक्त प्रौढांसाठी' लिहिलंय का ते आधी बघा.

पहिल्या सकाळी बागेत फिरताना एका झाडापाशी थबकलो. तीच मोठी, हातासारखी कापलेली पानं, तीच हिरवी खरबरीत फळं. नीरफणस! बागकाम करणारे एक काका तिथं होते. मी हातवारे करून सांगितलं की आमच्या अंगणात हे झाड आहे, आम्ही काप करून, रवा लावून तव्यावर भाजतो. त्यांना खरं वाटेना. इथं अख्खं फळ निखाऱ्यावर भाजतात, वरची साल कोळशासारखी काळी होते, मग सोलून आतला पांढरा गर खातात. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या घरून भाजून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं. बुफेत होतं त्याहून शंभरपट चवदार. कॅप्टन ब्लाय यानं १७९३ साली ताहितीहून नीरफणसाची रोपं जमैकात आणली, मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून. काकांना हा इतिहास तोंडपाठ होता आणि सांगताना त्यांचा आवाज बदलला.

नाश्त्याला कॅलालू मिळतं, ती चक्क माठाची भाजी आहे, कांदा-टोमॅटो घालून परतलेली. सॉल्टफिश (खारवलेला मासा) नको म्हणून सांगा, बहुतेक वेळा त्यात घालतात. आंब्यांचा हंगाम होता. इथं एका जातीला बॉम्बे म्हणतात. हापूसची सर नाही, पण कोयीभोवती फिरवून दोन वाट्या करून चमच्यानं खाता येतो आणि वास सुरेख. शाकाहारींनी रास्ताफारी (जमैकातला एक धार्मिक पंथ) लोकांचं आयटल जेवण विचारावं, नारळाच्या दुधातली कडधान्यं आणि भाज्या, मांसाचा संबंध नाही.

एक दिवस टॅक्सी करून बाहेर पडलो. ड्रायव्हरनं इंडिया ऐकल्यावर कोहलीचं नाव घेतलं. मी त्याला १९७१च्या सबायना पार्कवरच्या दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावा सांगितल्या. मडगावचा माणूस, आमच्या शेजारचाच. ड्रायव्हरनं त्यांचे होल्डिंग आणि वॉल्श काढले आणि तास कसा गेला कळलं नाही. त्याची पणजी भारतीय होती. १० मे १८४५ला ब्लंडेल नावाचं जहाज ओल्ड हार्बर बेला लागलं, पहिले गिरमिटिये (करारानं बांधलेले) भारतीय मजूर त्यातून उतरले, आणि १९१७पर्यंत सुमारे ३६ हजार लोक आले. इथली करी गोट आणि रोटी त्यांचीच.

परत येताना आमच्या रिसॉर्टची भिंत लागली, तेव्हा तो म्हणाला, लहानपणी मी इथं पोहायला शिकलो, आता आत यायला मला पैसे भरावे लागतात. जमैकात १९५६चा बीच कंट्रोल ॲक्ट आहे, त्यानं सामान्य लोकांना किनाऱ्यावर जायचा सरसकट हक्क दिलेला नाही. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये कायद्यानं सगळे किनारे सार्वजनिक आहेत. आपण ज्या वाळूवर खुर्ची टाकतो ती कुणाची, हे मला त्या टॅक्सीत कळलं. जाल तेव्हा एक जेवण तरी भिंतीबाहेर, रस्त्याकडेच्या जर्कच्या (मसाला लावून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या) टपरीवर करा. पैसे थेट त्या घरात जातात.

डॅलसहून, थोडक्यात

व्हिसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. भारतीय पासपोर्टवर जमैकाला पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. डॉमिनिकन रिपब्लिक आणि मेक्सिकोला अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर वेगळा लागत नाही. एच-१बीवाल्यांनी (अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी) मात्र नीट वाचा : पासपोर्टवरचा शिक्का संपला असेल आणि आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू असेल, तर ३० दिवसांच्या आत परत येण्याची जी सवलत आहे ती कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. बेटांसाठी ती फक्त एफ आणि जेवाल्या विद्यार्थी-संशोधकांना मिळते. शिवाय शिक्का संपलेला असेल तर मेक्सिकोत शिरायला त्यांचा व्हिसा काढावा लागतो. आई-बाबा पर्यटक व्हिसावर असतील, तर बेटावर जाऊन आल्यावर नव्यानं सहा महिने मिळतील असं धरू नका. निघण्याआधी अमेरिकेच्या आणि जिथं जाताय त्या देशाच्या सरकारी साइट पुन्हा उघडून बघा, नियम बदलतात.

नाशिकहून, किचनच्या बाजूनं

हॉटेल मॅनेजमेंट करून आधी क्रूझवर आणि मग तिकडच्या एका बेटावरच्या रिसॉर्टच्या किचनमध्ये होतो. वरच्या ताईंनी डाव फिरवायला लावला, ते शंभर टक्के बरोबर केलं. बुफेतला भात, सूप आणि सॉस यांत चिकन स्टॉकची पावडर असायची शक्यता फार. फ्रेंच फ्राइज आणि मासे एकाच तेलात तळले जातात. चिमटे इकडचे तिकडे होतातच. पास्ता किंवा स्टर-फ्रायचा लाइव्ह काउंटर सगळ्यात सुरक्षित, पॅन धुऊन घ्या म्हणालात तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

बोलायचं असेल तर दुपारी तीन ते पाचच्या मधे शेफना भेटा. रात्री आठला लाइन पेटलेली असते, तेव्हा मान डोलावून पुढे जातात. आणि एक विचारा : किचनमध्ये कुणी इंडियन आहे का? आमच्या स्टाफ मेसमध्ये रोज डाळ-भात शिजायचा. एका आजोबांनी मागितला तर आम्ही तीच डाळ वर लसणाची फोडणी घालून पाठवली होती, ते नंतर किचनच्या दारात येऊन उभे राहिले आणि प्रत्येकाचा हात हातात घेऊन गेले.

टिपेबद्दल. खोली आवरणाऱ्या बाई रोज बदलू शकतात, म्हणून शेवटी एकदम देण्यापेक्षा रोज उशीवर डॉलर-दोन ठेवा. भांडी घासणाऱ्यांपर्यंत टिप पोचत नाही. त्यांच्यासाठी काही करायचं असेल तर नाव घेऊन मॅनेजरला लेखी कळवा, आमच्याकडे तरी त्याची नोंद व्हायची.

बे एरियातून : कॅनकूनजवळ, मार्च

चेक-इन होताच शेजारच्या टेबलावरून हाक आली, स्वागताचा नाश्ता आहे, स्पामध्ये सवलत मिळेल, फक्त दीड तास. नवऱ्याला नाही म्हणवत नाही, आम्ही गेलो. दुपार उलटली तरी बाहेर पडता येईना. एक विक्रेता उठला की दुसरा बसायचा, आकडा खाली यायचा, मुलगी रडायला लागली. आम्ही सही न करता उठलो. शेजारच्या टेबलावरच्या एका वयस्कर जोडप्यानं सही केली होती आणि संध्याकाळी दोघं फार घाबरलेले भेटले. त्यांना मी सांगितलं ते इथंही लिहिते : मेक्सिकोत टाइमशेअरचा करार पाच कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतो, तसा कायदाच आहे. लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची.

लंडनहून : बार्बाडोस, जून २०२४

आम्ही टी-२० विश्वचषकाच्या अंतिम मॅचसाठी गेलो होतो. २९ जूनला केन्सिंग्टन ओव्हलवर भारतानं दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवलं. घसा बसलेला, डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी बेरिल चक्रीवादळ येतंय म्हणून विमानतळ बंद झाला. आपला संघही तिथंच अडकला होता, ते सगळ्यांना आठवत असेल.

ऑल-इन्क्लूझिव्हला आळशी माणसांची सुट्टी म्हणणाऱ्यांत मीही असायचो. पण त्या दिवशी दुकानं बंद झाली, आणि घरं भाड्यानं घेऊन राहिलेल्या मित्रांकडे पाव आणि पाण्याच्या बाटल्यांवर वेळ आली. आमच्या हॉटेलात दुपारीच खुर्च्या एकात एक रचून बांधल्या, काचांना फळ्या मारल्या आणि प्रत्येक खोलीत सँडविच, फळं आणि पाणी पोचवलं. कर्मचारी रात्रभर तिथंच राहिले. आमच्या मजल्यावर बसलेल्या मुलीचं घर दक्षिण किनाऱ्यावर होतं, ती दर थोड्या वेळानं आईला फोन लावत होती आणि मधेच उठून आमच्या दारावर टकटक करून सगळं ठीक आहे ना विचारत होती. वादळाचं केंद्र बेटाच्या दक्षिणेकडून गेलं, तरी ब्रिजटाउनच्या मच्छीमारांच्या बोटींचं अतोनात नुकसान झालं. ग्रेनेडाच्या कारियाकू बेटावर तर घरं उरली नाहीत. सकाळी त्या मुलीच्या आईचा फोन लागला तेव्हा आमच्या मजल्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, आणि दर तेव्हाच उतरलेले असतात. २८ ऑक्टोबर २०२५ला मेलिसा चक्रीवादळ जमैकावर पाचव्या श्रेणीचं होऊन धडकलं तेही याच हंगामात. या महिन्यांत जाणार असाल तर विमा बुकिंगच्याच दिवशी काढा. वादळाला नाव मिळाल्यानंतर काढलेल्या पॉलिसीत त्या वादळाचं नुकसान धरत नाहीत. आणि पॉलिसीत विमानतळ बंद राहिल्यामुळे वाढलेल्या मुक्कामाचा खर्च आहे का, ती ओळ शोधून वाचा. आमचा त्यातच भरून निघाला.