फुकटचे बूट आणि खरा रिव्ह्यू
आपल्या ट्रेकिंग ग्रुपला रिव्ह्यूसाठी फुकट येणारं सामान कोणाला द्यायचं, तर "जो आधी हात वर करेल त्याला सँपल" अशी आयडिया कोणी तरी मांडलीय, ती मला नाही पटत भो, असं केलं की दर वेळी तेच चार जण, आणि फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवायला जीभ वळत नाही, माझीही नव्हती वळली. त्यापेक्षा सरळ चिठ्ठ्या टाका. फुकट मिळालंय हे पहिल्याच ओळीत लिहायचं, एएससीआय (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था) हिची २०२१ची गाइडलाइनही हे सुरुवातीलाच ठळक सांगायला लावते.

घरी डबा उघडून लिहिलेलं तर मोजूच नका. बूट असेल तर एकदा धुळ्याजवळचा लळिंग किल्ला, एकदा भर पावसात चाळीसगावजवळचं पाटणादेवीचं जंगल, आणि जमलंच तर दिवाळीत सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगराची यात्रा, तिथं सोलची लायकी बरोबर कळते. आणि एकट्याचं मत नको, एक ५५ किलोवाला एक ९० किलोवाला, दोघांचं वेगवेगळं टाका. सहा महिन्यांनी परत दोन ओळी लिहायच्याच, कारण पीयू (पॉलीयुरेथेन) सोल नुसता कपाटात पडूनही भुगा होतो, माझा तोरणमाळला निघाला, चपलेवर फिरलो दोन दिवस (हसा हसा).

टेस्ट झाली की वस्तू ग्रुपच्या सामानात जमा. नवीन पोरांना उसनी द्यायला होईल.