६५ इंची टीव्ही घ्यायचाय, दोन माहितीपत्रकांत अडकलोय (नाशिक)

सायंतारा

नमस्कार मंडळी. आमचा ३२ इंची टीव्ही ११ वर्षं चालून गेल्या आठवड्यात बंद पडला. आता एकदाच मोठा घ्यायचा असं घरात ठरलंय. शनिवारी कॉलेज रोड आणि शालिमारची दुकानं पालथी घातली, दोन मॉडेल बाजूला काढली आणि तिथेच गाडी अडली.

पहिलं ६८,००० चं. त्याच्या पत्रकावर क्यूएलईडी, फोर-के, डॉल्बी व्हिजन, एचडीआर१०+, ‘मोशन २४०’. दुसरं ७९,००० चं. त्यावर १२० हर्ट्झ पॅनल आणि एचडीएमआय २.१, बाकी फारसं काही नाही. दुकानदार म्हणतो, पहिल्यात २४० मिळतंय, दुसऱ्यात १२०च, मग ११ हजार जास्त कशाला घालता?

घर इंदिरानगरला. सोफ्यापासून भिंत ११ फूट. गॅलरी पश्चिमेला. सासूबाई दुपारपासून मालिका आणि बातम्या बघतात, त्यांचा दिवाण खिडकीशी आहे, टीव्हीला अगदी तिरका. मुलाकडे पीएस५, गेम खेळायचं यंत्र. आम्ही दोघं रात्री जमलं तर सिनेमा बघतो. नेमकं काय तपासू?

मायक्रोमीटर

ताई, मी अंबड एमआयडीसीत १९ वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. ड्रॉइंगवर एखादं माप दिसलं की आम्ही आधी विचारतो, हे कुठून कुठपर्यंतचं आणि कशाने मोजलं? टीव्हीचं पत्रकही मी तसंच वाचतो.

‘मोशन २४०’ च्या पुढे हर्ट्झ लिहिलंय का बघा. बहुधा नसेल. मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने तयार करायच्या, बॅकलाइट म्हणजे पडद्यामागचा दिवा लुकलुकवायचा, आणि या सगळ्याला मिळून कंपनीने स्वतःचा एक आकडा द्यायचा, असं ते असतं. त्याची तुलना दुसऱ्याच्या १२० शी होऊच शकत नाही. पत्रकात ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट’ शोधा, म्हणजे पॅनल स्वतः सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो हर्ट्झमधला आकडा. माझा अंदाज, तिथे ६० निघेल. तसं असेल तर पीएस५ वरचे १२० फ्रेमचे गेम तिथे पूर्ण १२० ने दिसणार नाहीत. आणि तुमच्या सिनेमाचंही आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून साधारणपणे एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवली जाते; कॅमेरा संथ फिरला की बारीक हिसके बसतात. १२० मध्ये प्रत्येक फ्रेम बरोबर ५ वेळा येते.

एचडीएमआय २.१ म्हणजे पीएस५ सारखं यंत्र जोडायचं पोर्ट, पण हे नावसुद्धा पुरेसं नाही. ‘फोर-के १२०’ कोणत्या पोर्टवर चालतं ते विचारा. अनेकदा चारपैकी दोनच पोर्ट तसे असतात, आणि त्यातलाच एक साउंडबारसाठीचा ईएआरसी पोर्ट असतो.

डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१० हे एचडीआरचे, म्हणजे उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणाऱ्या चित्राचे प्रकार. ते लिहिलंय म्हणजे तो सिग्नल टीव्हीला कळतो. तो दाखवायची ताकद वेगळी, ती निट्स या पडद्याच्या उजेडाच्या एककात मोजतात. ३०० निट्सच्या आसपासचं पॅनल एचडीआर घेईल, पण दिव्याची ज्योत आणि पांढरा सदरा जवळपास सारखेच दिसतील. त्यात तुमची पश्चिमेची गॅलरी. क्यूएलईडी हा शेवटी एलसीडीच आहे, क्वांटम डॉटचा थर असलेला; त्यामागचा उजेड कडेने येतो की पूर्ण पाठीमागून, आणि त्याचे वेगवेगळे भाग मंद करता येतात का, हे क्यूएलईडी या नावावरून कळत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, जी दोन्ही पत्रकांवर नसेल: सासूबाईंचा दिवाण. एलसीडीची मुख्यतः दोन घराणी. व्हीए पॅनलचा काळा रंग गडद, कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या पुढे जातो, पण बाजूने बघितलं की रंग विटतात. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास, अंधारातला प्रसंग थोडा राखाडी दिसतो, पण तिरक्या बसलेल्या माणसाला चेहरे चेहऱ्यासारखे दिसतात. पत्रकावर बघण्याचा कोन ‘१७८ अंश’ असं दोघांच्याही नावापुढे छापतात, त्यामुळे त्यावर जाऊ नका. दुकानात स्टोअर मोड (दुकानासाठीची भडक मांडणी) बंद करून सिनेमा मोड लावायला सांगा आणि दिवाण जितका तिरका आहे तितक्या तिरक्या उभ्या राहा. दिवसातून सगळ्यात जास्त वेळ टीव्ही त्या बघणार आहेत. निवड त्यांच्या जागेवरून व्हावी असं मला मनापासून वाटतं.

चॅनेलचंही बघून घ्या. साध्या एसडी चॅनेलचं चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचं, फोर-के पडदा ३८४० × २१६० चा. म्हणजे चॅनेलच्या एका ठिपक्यातून टीव्हीला २० ठिपके भरावे लागतात. ३२ इंचावर खपून जात होतं, ६५ वर मालिका पुसट दिसेल. टीव्ही यायच्या आधी एचडी पॅक करून घ्या.

आणि टेप घेऊन कपाटाचा खण मोजा. ६५ इंच हा कर्ण आहे. रुंदी जवळपास १४४ सेंटीमीटर भरते.

नाशिकरोडकर

वर सगळं आलंय, दोनच गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. किंमत त्यामुळे १० टक्के नव्हे, साधारण ७.८ टक्के उतरायला हवी. जुन्या स्टिकरवरून ‘सूट’ सांगितली तर हे डोक्यात ठेवा. दुसरं, खोकं लिफ्टमध्ये उभं मावतंय का ते आधी मोजा. आमच्या इमारतीत मावलं नाही, चौथ्या मजल्यापर्यंत चौघांनी जिन्याने उभंच चढवलं. आडवं करू देऊ नका, पॅनलला तडा जाऊ शकतो.

सायंतारा

मायक्रोमीटर दादा, रविवारी पुन्हा गेलो, या वेळी सासूबाईंना घेऊन. पहिल्याच्या बारीक अक्षरात नेटिव्ह ६०च निघालं. दुकानदाराने स्वतःच वाचून दाखवलं, त्यालाही ते माहीत नव्हतं.

बाजूने बघितल्यावर पहिल्यात बातम्या देणारीचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. दुसऱ्यात रंग टिकला. अंधारातला प्रसंग मात्र तुम्ही म्हणालात तसा राखाडी वाटला, मुलाला ते खटकलं. सासूबाई स्टुलावर बसून दहा मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “खालची अक्षरं वाचता येतायत गं मला.” दुसराच ठरला. फोर-के १२० चे दोन पोर्ट आहेत, एक साउंडबारला ठेवला तरी पीएस५ ला एक उरतो.

खण मोजला तर १४० सेंटीमीटर. आता ५५ घ्यावा की काय?

मायक्रोमीटर

नको. ११ फूट म्हणजे १३२ इंच, ६५ च्या दुप्पट अंतर झालं. फोर-केचा बारकावा दिसायचा तर कर्णाच्या दीडपटीच्या आसपास बसावं लागतं. ५५ आणलात तर जवळपास अडीचपट होईल आणि सासूबाईंची अक्षरं पुन्हा बारीक होतील. कपाटाची एक बाजू काढता येते का बघा. दोन्हीकडे चार बोटं हवा खेळायला सोडा.

सायंतारा

डावीकडच्या कप्प्यात मुलाचे चषक आहेत, ते दुसरीकडे जातील. सुतार गुरुवारी येतोय, १६० सेंटीमीटर सांगितलंय. एचडी पॅक आजपासून सुरू केला.